दारिद्र्यरेषा, बीपीएल यादी आणि पिवळं कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारच्या लोकांकडून येत राहतात. एमएसडब्ल्यू (समाजकार्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम) आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, ग्रामपंचायतीचे सदस्य, आणि शिधापत्रिकेसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवणारी माणसं. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. दारिद्र्यरेषा म्हणजे नेमकं काय? एका वाक्यात सांगा.

घरात दरमहा दरडोई अमुक रुपयांपेक्षा कमी खर्च होत असेल तर ते घर गरीब धरायचं, असा ठरवून घेतलेला आकडा म्हणजे दारिद्र्यरेषा.

पण दुसरं वाक्य जोडल्याशिवाय पहिल्याचा उपयोग नाही. गरीब किती आहेत हे मोजण्यासाठी ही रेषा काढतात. गरीब कोण आहे, हे ती सांगत नाही. रेषेसाठीचे आकडे नमुना पाहणीतून, म्हणजे निवडक घरांना खर्च विचारून मिळतात. त्या पाहणीत तुमच्या गावातली मूठभर घरं येतील, नाहीतर एकही येणार नाही. तुमच्या घरावर ‘रेषेखाली’ असा शिक्का मारणारा कागद निराळाच असतो, तो म्हणजे बीपीएल यादी किंवा शिधापत्रिका. रेषा मोजायला काढली आणि पुढे माणसं निवडायला तिचंच नाव वापरलं. या पानावरचे निम्मे प्रश्न त्या गल्लतीतून आलेले आहेत.

२. गरिबी उत्पन्नावर न मोजता खर्चावर का मोजतात?

कारण उत्पन्न सांगता येत नाही, आणि सांगता आलं तरी कुणी सांगत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला सोयाबीनचे पैसे वर्षातून एकदा येतात, त्यातले निम्मे कृषी सेवा केंद्राच्या उधारीत जातात. शेतमजूर बाईला ‘महिन्याचं उत्पन्न किती’ विचारलं तर ती आठवड्यात किती दिवस काम मिळालं ते सांगते. त्यापेक्षा तेल किती आणलं, साखर किती आणली हे विचारणं सोपं. घरची ज्वारी, घरचं दूध यांचीही किंमत लावून ती खर्चात धरतात.

या पद्धतीत एक खोट आहे. घरातला माणूस दवाखान्यात पडला, सावकाराकडून चाळीस हजार काढले आणि बिल भागवलं, की त्या वर्षी त्या घराचा खर्च वाढतो. कागदावर ते घर वर सरकतं. खरं तर ते त्याच महिन्यात बुडालेलं असतं.

३. ही कल्पना पहिल्यांदा कुणी मांडली? इंग्रजांकडून आली का?

रेषा हा शब्द विलायतेतून आला, हिशेब मात्र आपल्याकडे आधी झाला. लंडनमध्ये चार्ल्स बूथ यांची पाहणी १८८६ मध्ये सुरू झाली आणि यॉर्क शहरातला सीबोम राउंट्री यांचा अभ्यास १९०१ मध्ये छापून आला. दादाभाई नौरोजींनी भारताच्या दारिद्र्यावरचा निबंध मुंबईत वाचला तो १८७६ मध्ये.

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. परदेशी मळ्यांवर जाणाऱ्या कुलींना जहाजावर किती तांदूळ, डाळ, भाजी, तूप, तेल, मीठ द्यायचं याचं सरकारी प्रमाण ठरलेलं होतं. त्याची १८६७-६८ च्या बाजारभावाने किंमत काढली. तुरुंगातल्या कैद्यावर सरकार किती खर्च करतं तेही पाहिलं. प्रांतागणिक माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये लागतात असं निघालं, आणि देशाचं सरासरी उत्पन्न त्यांच्या हिशेबाने माणशी सुमारे २० रुपये होतं. म्हणजे सरकार स्वतःच्या कैद्याला जेवढं देतं तेवढंही मोकळ्या रयतेला मिळत नाही, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून दाखवलं.

गावपातळीवरच्या अभ्यासाचं एक जुनं नाव पुण्याजवळचं आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली आणि ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. जमिनीचे तुकडे, कर्ज आणि बाहेरची मजुरी असं सगळं त्यात मांडलेलं आहे. आज त्याच पिंपळे सौदागरमध्ये फ्लॅटचा भाव विचारायला गेलात तर मान यांची आठवण कुणाला नसते, ते सोडा.

४. दांडेकर आणि रथ यांचं नाव प्रत्येक पुस्तकात येतं. त्यांनी नक्की काय केलं?

त्यांच्या आधीही आकडे होते. १९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीने दरमहा दरडोई १५ ते २० रुपये म्हटलं होतं. १९६२ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने १९६०-६१ च्या किमतींना दरमहा २० रुपये ठरवले. पण ते वीसच का, याचं उत्तर बहुतेक ‘जाणकारांना योग्य वाटले म्हणून’ असं होतं.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये त्या आकड्याला पाया दिला. माणसाला दिवसाला सरासरी २,२५० कॅलरी मिळायला हव्यात, हे गृहीत धरलं. मग राष्ट्रीय नमुना पाहणीचे १९६०-६१ चे तक्ते घेऊन, कोणत्या खर्चगटातली माणसं आपल्या नेहमीच्या खाण्यातून तेवढ्या कॅलरी मिळवतात ते पाहिलं. खेड्यात तो खर्च दरमहा १५ रुपये निघाला, शहरात साडेबावीस. यात लोकांनी काय खावं हे सांगितलेलं नाही. लोक जे खातात त्यात किती पैशांना पोट भरतं, एवढंच पाहिलं आहे. हा फरक परीक्षेत फार कमी मुलं लिहितात.

दुसरा भाग उपायाचा. जमिनीच्या फेरवाटपाने सगळ्यांचं भागणार नाही, वाटायला तेवढी जमीनच नाही, तेव्हा ज्याला काम हवं त्याला सार्वजनिक कामावर मजुरी द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच सुमारास वि. स. पागे रोजगार हमीचा विचार पुढे रेटत होते. त्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग करून पाहिला होता. पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

रथ यांनी १९८५ मध्ये पुन्हा लेख लिहून, गायी-म्हशींसाठी कर्ज देणाऱ्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमावर झोड उठवली. गरिबाला जनावर देऊन त्याला उद्योजक करण्यापेक्षा मजुरीचं काम द्या, हा मुद्दा त्यांनी सोडला नाही.

५. खेड्यात २,४०० आणि शहरात २,१०० कॅलरी. खेड्यातल्या माणसाला जास्त भूक लागते का?

हो, कारण तो जास्त राबतो. नियोजन आयोगाच्या १९७९ च्या कार्यदलाने वय, स्त्री-पुरुष आणि कामाचं स्वरूप पाहून या सरासऱ्या काढल्या. त्यावरून १९७३-७४ च्या किमतींना खेड्यात दरमहा ४९.०९ आणि शहरात ५६.६४ रुपये ही रेषा ठरली.

गंमत पुढे झाली. त्यानंतर दर वेळी महागाईच्या निर्देशांकाने रुपये वाढवत नेले, कॅलरी पुन्हा मोजल्या नाहीत. भाडं, प्रवास, शाळा, औषधं यांचा वाटा वाढत गेला आणि रेषेवरचा माणूस कमी खाऊ लागला. नाव ‘कॅलरीची रेषा’च राहिलं.

६. सुखात्मे आणि दांडेकर यांचा वाद कशावरून होता?

दोघेही सातारा जिल्ह्यात जन्मलेले, आकड्यांचे पक्के आणि माघार न घेणारे. पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते, निवृत्तीनंतर पुण्यात आले. त्यांचं म्हणणं असं, की एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते. शरीर एका मर्यादेत कमीजास्त खाण्याशी जुळवून घेतं. म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरणं चूक आहे, त्याने आकडा फुगतो.

दांडेकरांचं उत्तर साधारण असं होतं: आम्ही दारिद्र्य मोजतो, रोग नाही. ज्याला परवडत नाही म्हणून कमी खातो त्याला ‘शरीराने जुळवून घेतलं’ म्हणून गरिबांच्या हिशेबातून काढायचं कसं? ऐंशीच्या दशकात हा वाद बराच रंगला. मला स्वतःला शास्त्राच्या बाजूने सुखात्म्यांचा मुद्दा बिनतोड वाटतो आणि धोरणाच्या बाजूने दांडेकरांचा. परीक्षेत मात्र असं लिहू नका, एक बाजू घ्या.

७. दिवसाला ३२ रुपयांत माणूस जगतो, असं सरकार म्हणालं होतं ना?

सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. शहरात दिवसाला ३२ आणि खेड्यात २६ रुपये, असा त्याचा अर्थ लागला. मूळ आकडे महिन्याचे होते, माणशी ९६५ आणि ७८१ रुपये. त्यांना तीसने भागल्यावर जो आरडाओरडा झाला तो सर्वांना आठवत असेल.

ही रेषा सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीची. लोक चिडून ‘तेंडुलकरांनी गरिबी खाली दाबली’ म्हणतात, ते उलट आहे. त्यांनी २००९ च्या अहवालात कॅलरीचा खुंटा सोडला, आरोग्य आणि शिक्षणावरचा खर्च धरला आणि खेड्याची रेषा वर नेली, त्यामुळे २००४-०५ ची गरिबी २७ च्या आसपासवरून ३७.२ टक्क्यांवर गेली. तरीही रेषा तुटपुंजी होती, हे खरंच. तेंडुलकर जून २०११ मध्ये पुण्यात वारले, हा गदारोळ त्यांनी पाहिला नाही.

पण खरी भीती रकमेपेक्षा वेगळी होती. या रेषेखाली जेवढे, तेवढ्यांनाच धान्य, असं सरकार म्हणेल की काय, ही ती भीती. मोजणीचा आकडा निवडीला जोडला की ३२ रुपये हा जिवावरचा प्रश्न होतो. जोडला नाही, तर तो एक सांख्यिकी खुंटा आहे.

८. पिवळं कार्ड आहे म्हणजे आम्ही दारिद्र्यरेषेखाली, बरोबर?

कार्डापुरतं बरोबर, प्रश्न १ मधल्या अर्थाने नाही.

महाराष्ट्रात तिरंगी शिधापत्रिका १ मे १९९९ पासून आल्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्यावर शुभ्र. यांत चारचाकी नसणे, चार हेक्टरपेक्षा जास्त बागायत नसणे अशा अटीही होत्या. पंधरा हजार हा आकडा आज वाचताना हसू येतं. महिन्याला साडेबाराशेत कुटुंब चालतं असं लिहून द्यावं लागतं, आणि लोक लिहून देतात.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा राज्यात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला आणि रंगाचं महत्त्व कमी झालं. आता पाहायचं ते अंत्योदय (सर्वांत गरीब घरं) की प्राधान्य कुटुंब (त्यावरची पात्र घरं). अंत्योदयाला कार्डामागे ३५ किलो, प्राधान्याला माणशी ५ किलो. पिवळी कार्डं यात आली, आणि केशरीतली शहरात ५९,००० व खेड्यात ४४,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेली. म्हणून शेजाऱ्याचं आणि तुमचं कार्ड दोन्ही केशरी, पण त्याला धान्य मिळतं आणि तुम्हाला नाही, असं होतं. त्याच्या कार्डावर प्राधान्याचा शिक्का आहे, तुमच्या नाही.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. या कायद्याखाली ग्रामीण महाराष्ट्रातल्या ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के लोकांना धान्य देण्याची मर्यादा ठरली. तेंडुलकर पद्धतीने २०११-१२ मध्ये ग्रामीण महाराष्ट्रात गरीब होते २४.२२ टक्के, शहरात ९.१२. म्हणजे धान्याची यादी रेषेपासून सुटली, आणि ते चांगलं झालं.

९. उत्पन्न मर्यादेत बसतं, दाखलाही आहे. तरी पुरवठा शाखेत ‘इष्टांक संपला’ म्हणतात. हे काय आहे?

इष्टांक म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली कमाल संख्या. राज्याला मिळून ती सात कोटी सोळा हजार होती आणि २०११ च्या जनगणनेवरून काढलेली. ती जिल्ह्यांना आणि तालुक्यांना वाटून दिली. तालुक्याचा कोटा भरला असेल, तर कुणी मयत झालं, लग्न होऊन गेलं किंवा अपात्र ठरलं की जागा रिकामी होते. अर्ज देऊन पोच घ्या, तोंडी ‘नंतर या’ यावर परत फिरू नका.

१०. मराठवाड्यात आमचं केशरी कार्ड आहे, शिक्का नाही, तरी खात्यावर पैसे येतात. चुकून येतात का?

चुकून नाही. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीचं धान्य मिळत होतं. त्या जागी २०२३ पासून थेट रक्कम सुरू झाली. हा अपवाद शेतकरी कुटुंबांपुरता आहे. त्याच गावातल्या भूमिहीन केशरीवाल्याला तो लागू होत नाही, आणि यातली विसंगती वेगळी सांगायला नको.

११. ज्याच्या दारात ट्रॅक्टर तो बीपीएल यादीत, आणि आम्ही नाही. असं कसं?

हे सर्वाधिक वेळा आलेलं पत्र आहे. बहुतेकांच्या मनात २००२ ची यादी असते.

त्या पाहणीत प्रत्येक कुटुंबाला १३ प्रश्न होते, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. कमी गुण म्हणजे जास्त गरीब. जमीन, घर, शौचालय, शिक्षण, कर्ज, स्थलांतर आणि माणशी कपडे किती, हेसुद्धा. आमच्या गावात चावडीवर हा तक्ता भरताना मी बसलो होतो. एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, ‘आजी, लुगडी किती?’ तिने अंगावरचं आणि दोरीवर वाळत घातलेलं मोजलं, आणि मग अडून म्हणाली, ‘पोरीनं दिवाळीला दिलेलं घडी न मोडलेलं हाय, ते धरायचं का?’ भरणाऱ्याने धरलं. एका लुगड्याने तिचा गट बदलला की नाही, आठवत नाही. पण प्रश्न तिने बरोबर ओळखला होता.

दुसरी खोच कर्जाच्या प्रश्नात. सावकाराकडून रोजच्या खर्चासाठी कर्ज घेतलेल्याला शून्य, अजिबात कर्ज नसलेल्याला पूर्ण चार. पण ज्याला कुणी उधारच देत नाही, त्याचंही कर्ज नसतं! तो चार गुणांनी श्रीमंत ठरला. उलट हुशार माणसाने उत्तरं जुळवून दिली. त्यातच कुठे किती गरीब दाखवायचे याची वरून मर्यादा, म्हणजे गुणांची कट-ऑफ कोट्यात बसेल अशी. ग्रामसभेत आक्षेप घेता येत होते, पण ग्रामसभेत कोण बोलतं हे तुम्ही पाहिलं असेलच.

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेनंतर घरकुलासारख्या योजना त्या माहितीकडे वळल्या. २००२ चा दाखला अजूनही काही ठिकाणी मागतात, ही वस्तुस्थिती आहे.

१२. आठ लाखांपर्यंत उत्पन्नवाला ‘आर्थिक दुर्बल’ आणि १५ हजारांवर गेला की बीपीएल नाही. सरकारची एकच व्याख्या का नाही?

कारण प्रत्येक आकडा वेगळ्या दारावरचा आहे. २०१९ च्या घटनादुरुस्तीनंतर आलेली आठ लाखांची मर्यादा ही आरक्षणातून सधनांना वगळण्यासाठी आहे. ४४,००० ची मर्यादा धान्यासाठी. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला या सगळ्या दारांवर मागतात, त्यामुळे सगळी दारं एकाच घराची वाटतात.

१३. गरिबी २१.९ टक्के, २९.५ टक्के, १४.९६ टक्के. खरा आकडा कोणता?

तिन्ही खरे, तीन वेगळ्या गोष्टींचे. २१.९ हा २०११-१२ चा, तेंडुलकर पद्धतीचा (खेड्यात दरमहा ८१६, शहरात १,००० रुपये). २९.५ हा त्याच वर्षाचा, रंगराजन समितीचा (९७२ आणि १,४०७ रुपये). १४.९६ हा नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकाचा, २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीवरून. त्यात रुपये नाहीतच, पोषण, शाळा, शौचालय, बँक खातं असे १२ निकष आहेत. महाराष्ट्राचा तो आकडा ७.८१ टक्के. पहिल्या दोघांची तिसऱ्याशी वजाबाकी करून ‘इतकी गरिबी घटली’ लिहू नका.

आणखी एक सापळा आठवणीचा. ‘गेल्या ३० दिवसांत तेल किती?’ आणि ‘गेल्या ७ दिवसांत किती?’ यांची उत्तरं जुळत नाहीत, कारण महिन्याभरातलं माणूस विसरतो. १९९९-२००० मध्ये दोन्ही प्रश्न एकाच पत्रकात शेजारी छापले. एक उत्तर दुसऱ्यावर पडलं आणि त्या वर्षीचा २६.१ टक्के आकडा वादात सापडला तो कायमचा. पुढे २०१७-१८ ची खर्चाची पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही.

१४. जागतिक बँकेचे तीन डॉलर म्हणजे रोजचे अडीचशे रुपये. मग आपण सगळेच गरीब की!

बँकेतला डॉलर इथे लावायचा नाही. जून २०२५ पासूनची तीन डॉलरची रेषा क्रयशक्तीच्या डॉलरमध्ये आहे. अमेरिकेत एका डॉलरला जेवढं येतं तेवढं भारतात किती रुपयांत येतं, असा तो हिशेब. तो दर डॉलरला वीस-बावीस रुपयांच्या आसपास पडतो. रोजचे साठ-पासष्ट रुपये धरा, तेही २०२१ च्या किमतींना.

१५. गरिबी घटली म्हणजे विषमताही घटली ना?

नाही. गरिबी खालून मोजतात, विषमता वरून खालपर्यंत. खर्चाच्या पाहणीत भारताची विषमता कमी दिसते, कारण अतिश्रीमंत घरं पाहणीत फारशी सापडत नाहीत, आणि सापडली तरी ती मिळकतीचा थोडाच भाग खर्च करतात. उत्पन्न आणि संपत्ती पाहिली की चित्र बदलतं. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अंदाजाने २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता.

प्रदेशांतली विषमता हा आणखी निराळा हिशेब. प्रश्न ४ मधल्या दांडेकरांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्राचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. विदर्भ-मराठवाड्यातलं आजचं ‘अनुशेष’ हे राजकीय चलनी नाणं त्या अहवालातून आलं.

१६. एमएसडब्ल्यूला हे अर्थशास्त्र कशाला? आम्हाला तर माणसांबरोबर काम करायचं आहे.

देशातली समाजकार्याची पहिली शाळा १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाली, सर दोराबजी टाटांच्या नावाची. आज तिला टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतात. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट आधी नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. तुमच्यासमोर बसलेल्या बाईला धान्य का मिळत नाही, हे कळायला इष्टांक (प्रश्न ९) माहीत असावा लागतो. नाहीतर तुम्ही तिचं समुपदेशन करत बसाल.

१७. ऊसतोडीला गेलेली माणसं या मोजणीत कुठे येतात? आणि घरातली बाई?

पाहणी घराची होते आणि घर जिथे नेहमी राहतं तिथे. दिवाळीनंतर बीड-आष्टीकडच्या तांड्यांवर दारांना कुलपं असतात. निवडलेलं घर बंद असेल तर त्याऐवजी दुसरं घेण्याची सोय पाहणीत आहे. कारखान्याच्या फडातल्या कोपीत (झोपडीत) कुणी पत्रक घेऊन पोचलं, तर पोचलं.

घरातल्या बाईचं तर त्याहून सरळ आहे. घराचा एकूण खर्च माणसांच्या संख्येने भागतात. पाच जणांच्या घरात पाचवी भाकरी कुणाच्या वाट्याला येत नाही, हे त्या भागाकारात दिसत नाही. आमच्याकडे सगळ्यांत शेवटी जेवणारीला कोरड्यासाचं पातेलं निपटून खावं लागतं. पाहणीच्या तक्त्यात तिलाही घरातल्या इतरांइतकाच, बरोबर एक पंचमांश खर्च मिळालेला असतो.